वाड्याच्या प्रतिकृतीसाठी छोटी टेबल सॉ घ्यावी का? उपयोग आणि सुरक्षितता

पडवी

नमस्कार. आजोळच्या चौसोपी वाड्याची १:२५ प्रमाणातली लाकडी प्रतिकृती करायला घेतली आहे. जोते, तळखडे (खांबांखालचे दगड) आणि भिंती मार्गी लागल्या असून आता खांब, तुळया आणि कडीपाट (कड्यांवर पाट टाकून केलेली माडीची जमीन) एवढे काम उरले आहे. मूळ वाड्याचे खांब आठ इंची आहेत, ते प्रतिकृतीत ८ मिमी होतात. माडीखालच्या कड्या चार इंची आहेत, त्या ४ मिमी होतात. खांब मोजकेच असल्यामुळे हाताने होतील. कड्या मात्र शेकड्यांनी लागणार आहेत आणि त्या सगळ्या एका मापाच्या हव्यात, कारण एखादी कडी अर्धा मिलिमीटर जरी उंच राहिली तरी तिच्यावरचा पाट शेजारच्या कडीला टेकत नाही.

सागाचे उरलेसुरले तुकडे पुण्यात भवानी पेठेच्या टिंबर मार्केटमधून आणले. ४ मिमीच्या पट्ट्या पाडून द्यायला वखारवाले तयार होत नाहीत, आणि त्यांच्या आऱ्याचे पाते पाहता ते रास्तच आहे. आता माझ्यासमोर तीन पर्याय आहेत. पहिला, ऑनलाइन मिळणारी स्वस्त छोटी टेबल सॉ, म्हणजे टेबलाच्या खाचेतून फिरते पाते वर येणारी करवत, जिच्यात १२ किंवा २४ व्होल्टची ७७५ जातीची मोटर आणि ६३ मिमीचे पाते असते. दुसरा, प्रॉक्सॉनसारख्या नावाजलेल्या कंपनीचे यंत्र, ज्याची किंमत पहिल्याच्या कित्येक पट आहे. तिसरा, घरात आहे तोच मार्बल कटर (फरशी-दगड कापायचे हातयंत्र) प्लायच्या टेबलाखाली उलटा बसवणे. काम फ्लॅटच्या गॅलरीत करायचे आहे. जाणकारांनी उपयोग आणि धोका या दोन्ही बाजूंनी मत द्यावे.

टूलरूम_निवृत्त

पडवी, छोटी टेबल सॉ ज्या एका कामासाठी घ्यावी ते नेमके आपले काम आहे. पातळ लाकडाच्या एकसारख्या अरुंद पट्ट्या पाडणे आणि त्यांत उथळ खाचा घेणे, एवढ्यात तिचा हात धरणारे दुसरे साधन घरगुती कामात नाही. पण तिच्याकडून फळी चिरण्याची किंवा प्लायचा तक्ता फाडण्याची अपेक्षा ठेवली तर पहिल्याच आठवड्यात यंत्र अडगळीत जाते.

फायदा कुठे आहे ते हिशेबाने पाहा. सुतारी कामातल्या दहा इंची पात्याचा काप साधारण ३ मिमी रुंद पडतो, तर छोट्या यंत्रावरच्या पातळ पात्याचा १ मिमीच्या आसपास. १०० मिमी रुंदीच्या तुकड्यातून ४ मिमीच्या पट्ट्या काढल्या तर मोठ्या पात्यावर १४ मिळतात आणि छोट्यावर २०. पट्टी २ मिमीची असेल तर हाच फरक २० विरुद्ध ३३ असा वाढतो. बारीक कामात निम्मे लाकूड भुशात घालवायचे नसेल तर पातळ पाते हवेच.

आता मोटर. १२ व्होल्टचा ५ अँपिअरचा अडॅप्टर जास्तीत जास्त ६० वॉट देतो. त्यावर ५–६ मिमी जाडीचा साग सावकाश का होईना, सुरळीत कापला जातो. १५ मिमी जाडी दिली की पाते अडखळते, लाकूड करपते आणि मोटर गुदमरते. थांबलेली डीसी मोटर चालत्या मोटरीपेक्षा कितीतरी जास्त विद्युतप्रवाह ओढते, त्यामुळे अडकलेल्या पात्याकडे बघत बसलात तर अडॅप्टर आणि मोटरीचे वेटोळे, दोन्ही तापून जळू शकतात. म्हणून तुकडा आधी रंध्याने ४ मिमी जाडीचा करून घ्यावा आणि मगच त्याच्या पट्ट्या पाडाव्यात. तसे केल्यास आपल्या कड्या एकाच वेळी दोन्ही बाजूंनी मापात येतील.

धोक्याबद्दल लोकांचा समज असतो की यंत्र लहान म्हणजे इजा लहान. तो चुकीचा आहे. ताकद कमी असल्याने लाकूड उलट फेकले गेले तरी ते मोठ्या यंत्राइतके लांब आणि जोराने जात नाही, एवढे खरे. पण मोठ्या करवतीवर माणूस पात्यापासून वीतभर अंतर सहज राखतो. इथे सगळा टेबलच वीत-दीड वीत असतो. कापायचा तुकडाही बोटाएवढा. त्यामुळे बोटे आपोआप पात्याशी जातात, आणि ६० वॉटची मोटर लाकडात अडखळत असली तरी बोट कापायला पुरेशी असते.

लाकूड उलटे का येते, हेही समजून घ्यावे. पात्याचे पुढचे दाते लाकडाला टेबलावर खाली दाबतात, पण मागचे दाते वर चढत असतात. कापून झालेला भाग फेन्स (लाकूड जिला टेकवून सरकवतात ती पात्याशेजारची पट्टी) आणि पाते यांच्यात जरा जरी चेपला गेला, तर मागचे दाते त्याला उचलून थेट कापणाऱ्याच्या दिशेने भिरकावतात. हे चेपणे दोन कारणांनी होते: फेन्स पात्याला समांतर नसून मागच्या बाजूला आत झुकलेली असते, किंवा चिरताना लाकडातला ताण मोकळा होऊन काप मिटतो. पहिल्यावर उपाय आपल्या हाती आहे. वायर काढून ठेवून एका दात्यावर खूण करावी, तो दाता पुढे असताना फेन्सपासूनचे अंतर व्हर्नियरने (बारीक मापाच्या कॅलिपरने) मोजावे, मग तोच दाता हाताने फिरवून मागे न्यावा आणि पुन्हा मोजावे. मागचे अंतर पुढच्याइतके किंवा केसभर जास्त चालेल. कमी मुळीच चालणार नाही. स्वस्त यंत्रांची फेन्स एकाच टोकाला आवळली जाते, त्यामुळे प्रत्येक वेळी सरकवल्यानंतर हे तपासावेच लागते.

दुसऱ्या कारणावरचा उपाय म्हणजे पात्याच्या लगेच मागे उभी राहून काप मिटू न देणारी पातळ पट्टी, जिला रायव्हिंग नाइफ म्हणतात. स्वस्त छोट्या यंत्रांत ती सहसा नसते, आणि माझ्या मते त्यांतली सर्वांत मोठी उणीव हीच आहे.

हातकरवत

मतभेद नोंदवतो. काकांनी सांगितल्याप्रमाणे तुकडा रंध्याने ४ मिमीचा करूनच घ्यायचा असेल तर पुढचे कामही हाताने होते. पोलादी पट्टी लावून, धारदार चाकूने दोन्ही बाजूंनी खोल रेघ मारायची आणि पट्टी मोडून घ्यायची. बाल्सासारख्या मऊ लाकडात तर एवढ्यासाठी यंत्र लागूच नये. आवाज नाही, धूळ नाही, आणि गॅलरीवरून शेजाऱ्यांशी वादही नाही.

टूलरूम_निवृत्त

आपले म्हणणे मऊ लाकडापुरते मान्य आहे, आणि दहा-वीस पट्ट्या हव्या असतील तर सागातही मी हातानेच करीन. सागाचे तंतू जिथे सरळ आहेत तिथे पट्टी स्वच्छ सुटते. तंतू तिरके झाले की मोड रेघ सोडून तंतूंच्या मागे जातो. उरलेसुरले तुकडे म्हणजे तंतूंची खात्री नाही. शेकडो कड्यांचा प्रश्न आहे म्हणून यंत्र.

नदीपल्याड

मी जर्मनीत राहतो आणि तळघरात प्रॉक्सॉनची एफईटी ही टेबल सॉ वापरतो. तिचे पाते ८० मिमीचे असून ती सरळ कापात सुमारे २२ मिमी जाडीपर्यंत घेते आणि पाते ४५ अंशांपर्यंत कलते. पात्यामागे रायव्हिंग नाइफ आणि वर झाकण दोन्ही येते. युरोपात टेबल सॉला या दोन गोष्टी असाव्याच लागतात, त्यामुळे इथल्या ग्राहकाला त्याचा विचारच करावा लागत नाही. ऑनलाइन येणारी निनावी यंत्रे हा नियम बिनदिक्कत डावलतात, हा भाग वेगळा.

किमतीचा फरक मला सर्वांत जास्त जाणवला तो फेन्समध्ये. बारीक मळसूत्राने ती मिलिमीटरच्या दहाव्या भागाने सरकवता येते आणि आवळताना हलत नाही. कड्यांसारख्या कामात यंत्राची अचूकता म्हणजे फेन्सची अचूकता, मोटर दुय्यम.

देशी_जुगाड

एवढा खर्च करण्यापेक्षा तिसराच पर्याय बरा, असे मला वाटते. मार्बल कटरला ११० मिमीचे, लाकडासाठीचे चाळीस दात्यांचे पाते लावायचे, कटर प्लायला खालून बोल्टने आवळायचा आणि पाते खाचेतून वर काढायचे. ताकद भरपूर, पाती कुठल्याही हार्डवेअरच्या दुकानात मिळतात. आमच्याकडे फर्निचरचे काम करणारे सगळे असेच टेबल वापरतात.

टूलरूम_निवृत्त

वापरतात हे मीही रोज पाहतो, आणि त्यांतल्या कितीतरी जणांच्या हातांची बोटे अपुरी असतात हेही पाहतो. इथे आकडे बोलू देत.

६३ मिमीच्या पात्याचा परीघ सुमारे १९८ मिमी. ते मिनिटाला ५,००० फेरे घेत असेल तर दात्यांचा वेग ताशी ५९ किलोमीटर होतो. कारखान्यातल्या दहा इंची टेबल सॉचे पाते ४,००० फेऱ्यांनी फिरते, तिथे हाच वेग १९०च्या जवळ जातो. मार्बल कटर साधारण १२,००० फेरे घेतो. ११० मिमीच्या पात्यावर हे ताशी २४९ किलोमीटर भरतात. म्हणजे दिसायला छोटे, पण दात्यांचा वेग मोठ्या करवतीहून जास्त, मागे बाराशे वॉटची मोटर, आणि वर ना झाकण, ना रायव्हिंग नाइफ. त्यात कटर चालू ठेवण्यासाठी त्याचे बटण चिकटपट्टीने किंवा लॉक दाबून अडकवलेले असते. अडचण आली की बंद करण्यासाठी माणूस फिरत्या पात्याखाली हात घालतो.

मार्बल कटर हातात धरून, वरून खाली बघत दगड कापण्यासाठी बनवलेला आहे. त्याचे झाकण त्या स्थितीसाठी आहे. उलटा केला की ते टेबलाखाली जाते आणि पाते उघडे पडते. शिवाय ४ मिमीच्या पट्टीला एवढ्या वेगाची गरजच नाही. त्या पात्याचा काप २ मिमीच्या घरात पडतो, म्हणजे पातळ पात्याचा फायदाही गेला. पडवी, हा पर्याय आपण यादीतून काढून टाकावा.

देशी_जुगाड

ताशी अडीचशेचा हिशेब मी कधी केला नव्हता. निदान पायाने दाबायचा स्विच लावला तर?

टूलरूम_निवृत्त

पायाचा स्विच चांगलाच, आणि तो छोट्या यंत्रालाही लावावा. पण दाबून धरले तरच चालू राहणारा हवा. एकदा दाबला की चालू, पुन्हा दाबला की बंद, असा नको. त्याने मार्बल कटर थांबवणे सोपे होते, त्याचा वेग मात्र तेवढाच राहतो.

सोनचाफा

मी लाकडी भातुकली आणि बाहुलीघराचे फर्निचर करते, आणि स्वस्त प्रकारातली छोटी टेबल सॉ माझ्याकडे आहे. वापरणाऱ्याच्या बाजूने काही गोष्टी सांगते.

धूळ. छोट्या पात्याचा भुसा पिठासारखा बारीक असतो आणि तो तासन्‌तास हवेत राहतो. सागाच्या धुळीने अनेकांच्या कातडीला खाज सुटते, शिसवीच्या धुळीने तर जास्तच. लाकडाची धूळ दीर्घकाळ नाकात जाणे हे कर्करोगाचे सिद्ध कारण मानले जाते, म्हणून एन-९५ मास्क मी काप एक असो वा पन्नास, लावतेच. यंत्राखाली व्हॅक्यूम क्लीनरची नळी बसवली की निम्म्याहून अधिक भुसा वरच येत नाही. एमडीएफ (लाकडाचे तंतू राळेत दाबून केलेला तक्ता) कापताना हे दुप्पट महत्त्वाचे, कारण त्यात लाकडाबरोबर राळेचीही धूळ असते.

कपडे. हातमोजे घालू नयेत. पाते कापडाचा धागा पकडते आणि धाग्यामागून बोट नेते. ओढणी, पदर, सैल बाही, बांगड्या, अंगठी आणि मोकळी वेणी, सगळे आधी आवरून घ्यावे. चश्मा असला तरी त्यावरून गॉगल लावावा, कारण पात्याचा तुटलेला दाता चश्म्याच्या बाजूने आत येऊ शकतो.

आणि वीज. आमच्याकडे दुपारी वीज जाते. या यंत्रांचा स्विच साधा असतो, त्यामुळे वीज परत आली की पाते आपोआप फिरू लागते, मग हात कुठेही असो. वीज गेली की पहिले काम म्हणजे स्विच बंद करून वायर काढणे. पाते बदलताना किंवा अडकलेली ढलपी काढताना तर हे हवेच.

माझा बारा वर्षांचा मुलगा हे यंत्र मागतो. त्याला मी नक्षीकामाची हातकरवत दिली आहे आणि तूर्तास तेवढेच.

नदीपल्याड

सोनचाफाताई, मुलांबाबत पूर्ण सहमत.

इथे कोणी विचारण्याआधीच सांगतो: बोट लागताच थांबणारी टेबल सॉ अस्तित्वात आहे. स्टीव्ह गॅस या अमेरिकी शोधकाने १९९९ मध्ये ती कल्पना प्रत्यक्षात आणली. पात्यात सूक्ष्म विद्युतसंकेत सोडलेला असतो, कातडीचा स्पर्श होताच तो बदलतो आणि ॲल्युमिनियमचा ठोकळा पात्यात घुसून साधारण ५ मिलिसेकंदांत ते थांबवतो. पाते आणि ठोकळा दोन्ही निकामी होतात, बोटावर ओरखडा राहतो. पण ही सोय मोठ्या यंत्रांत असते. आपल्याकडच्या छोट्यांना ती मिळणार नाही, म्हणून बाकीचे उपाय आपले आपण करायचे.

पडवी

सर्वांचे आभार. मार्बल कटरचा विचार सोडला. प्रॉक्सॉन माझ्या खर्चात बसत नाही, त्यामुळे स्वस्त यंत्रच घेऊन त्यावर सुधारणा कराव्यात असे ठरते आहे. टूलरूमकाका, माझ्या मनातले यंत्र पात्याची उंची कमी-जास्त न करता येणारे आहे. पाते सरसकट १६ मिमी वर राहते. शिवाय पात्याभोवतीची फट एवढी मोठी दिसते की माझी ४ मिमीची कडी तिच्यातून खाली जाईल. यावर काय करावे?

टूलरूम_निवृत्त

दोन्ही अडचणींचे उत्तर एकच आहे, आणि त्याला दोन संध्याकाळी पुरतात. टेबलाच्या मापाचा, सपाट असा प्लायचा तुकडा घ्या. आपल्या ४ मिमी लाकडासाठी पाते ७–८ मिमी वर असले की भागते, म्हणून ८ मिमीच्या आसपासची जाडी योग्य. यंत्र चालू करून हा तुकडा दोन्ही हातांनी कडांना धरून, फेन्सला लावून सावकाश पात्यात ढकला आणि पाते मध्यावर आले की यंत्र बंद करा. पाते पूर्ण थांबल्यावर वायर काढा आणि तुकडा त्याच जागी टेबलावर क्लॅम्पने आणि दुहेरी चिकटपट्टीने पक्का बसवा. आता पात्याची फट पात्याएवढीच उरली आणि पात्याची उंची निम्म्यावर आली. फेन्स बुटकी पडत असेल तर तिच्यावर लाकडाची उंच पट्टी लावावी.

याच खोट्या टेबलात रायव्हिंग नाइफची सोय होते. तुकडा ढकलताना पात्यामागे जो काप पडला, त्याच्यातच बांबूची कामटी तासून, उभी करून चिकटवा. तिची जाडी कापाइतकी किंवा किंचित कमी हवी. जास्त झाली तर लाकूड तिथेच अडेल. उंची पात्यापेक्षा थोडी कमी आणि पुढची कड निमुळती ठेवा. बांबूच का, तर तासायला सोपा आहे, चिवट आहे, आणि चुकून पात्याला लागला तरी दाते मोडत नाहीत.

ढकलण्यासाठी बोट नको. १२ मिमीच्या प्लायचा हाताच्या तळव्याएवढा ठोकळा घ्या, मागच्या तळाला ३ मिमीची टाच ठेवा आणि वर मूठ बसवा. हा ठोकळा कडीवरून आणि पात्यावरूनही जातो, पाते त्याच्या तळाला चिरत जाते आणि कडी शेवटपर्यंत दाबलेली राहते. तळ झिजला की नवा करायचा. मूठ पात्याच्या रेषेवर नको, फेन्सच्या बाजूला हवी, म्हणजे पाते प्लायमधून वर आलेच तरी हात बाजूला राहतो. पात्यापासून चार बोटांच्या आत हात जाणार नाही, एवढी मर्यादा स्वतःला घालून घ्या, आणि टेबलावर तशी लाल रेघच ओढा. आपण स्वतः पात्याच्या रेषेत उभे न राहता डावीकडे अर्धे पाऊल सरकून उभे राहावे.

एक पथ्य राहिले. कड्या हव्या त्या लांबीला आडव्या कापताना तुकड्याचे टोक फेन्सला टेकवून, आडव्या मापकाने (आडवा तुकडा काटकोनात धरून ढकलायच्या सरकत्या पट्टीने) ढकलायचे नाही. सुटलेला तुकडा फेन्स आणि पाते यांच्यात तिरका होतो आणि बंदुकीच्या छऱ्यासारखा येतो. माप हवे असेल तर पात्याच्या बरेच अलीकडे फेन्सवर एक ठोकळा लावा. माप त्या ठोकळ्याला टेकवून घ्या, म्हणजे कापायच्या वेळी टोक मोकळे असते.

तांब्याची_वाट

जाता जाता: मी सर्किट बोर्ड कापण्यासाठी अशीच सॉ वापरतो. त्या बोर्डात काचतंतू असतात आणि त्यांची धूळ फुप्फुसाला वाईट. लाकूड आणि बोर्ड एकाच यंत्रावर कापणार असाल तर मध्ये यंत्र पूर्ण झाडून घ्या, आणि बोर्डासाठी पाते वेगळे ठेवा. काच साध्या पोलादी पात्याची धार लगेच घालवते.

पडवी

पात्याबद्दलच शेवटचा प्रश्न. दुकानात हायस्पीड स्टीलचे बारीक दात्यांचे आणि कार्बाइडच्या टोकांचे, अशी दोन्ही दिसतात. शिवाय हिऱ्याच्या पुडीची एक चकती यंत्राबरोबर फुकट देतात.

टूलरूम_निवृत्त

हिऱ्याची चकती लाकडाला लावू नका, ती घासते आणि लाकूड जाळते, काच-फरशीसाठी ठेवा. हायस्पीड स्टीलचे पाते पातळ असते आणि काप गुळगुळीत देते, पण सागात नैसर्गिक सिलिका असते, त्यामुळे त्याची धार लवकर जाते. प्लाय-एमडीएफमधला सरसही तेच करतो. कार्बाइडचे टिकते, पण काप थोडा रुंद पडतो. कड्यांसाठी हायस्पीडची दोन-तीन पाती घ्या आणि लाकूड करपू लागले, ढकलायला जोर लागू लागला की लगेच बदला. बोथट पात्यावर माणूस जोर लावतो आणि निसटलेला हात पुढे जातो.

घेताना मधल्या भोकाचे माप तपासा. ६३ मिमीची पाती १० आणि १६ मिमी अशा दोन्ही भोकांत येतात, आणि १६चे पाते १०च्या दांड्यावर रिंग न लावता बसवले तर ते थरथरत फिरते. मुंबईला जाणे होणार असेल तर नागदेवी स्ट्रीटवर दांड्याचे माप सोबत घेऊन जा, ऑनलाइन मागवण्यापेक्षा ते बरे.

पडवी

यंत्रासोबत येणाऱ्या दांड्याचे माप दुकानदाराने १० मिमी सांगितले आहे. रविवारी प्लाय आणि बांबू आणतो. पहिल्या पट्ट्या सागाच्या न पाडता पॅकिंगच्या देवदारावर पाडून पाहीन आणि व्हर्नियरची मापे इथे टाकीन.